मैत्रीण न्यूझीलंडला येतेय? कॅम्परव्हॅनची सहल अशी आखा

माझी शाळेपासूनची मैत्रीण सांगलीहून पहिल्यांदा माझ्याकडे क्राइस्टचर्चला आली, तेव्हा मी आठ दिवसांत तिला अख्खं साउथ आयलंड दाखवायचं ठरवलं होतं. माउंट कुक, क्वीन्सटाउन, मिलफर्ड, हिमनद्या, वर नेल्सनपर्यंत. रोज पाच-सहा तास गाडी चालवली. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "अगं, आपण अजून नीट बोललोच नाही." ते वाक्य मनात राहिलं. ती पुन्हा आली तेव्हा आम्ही दहा रात्री ठेवल्या, रस्ता बाराशे किलोमीटरच्या आसपास, आणि जिथे आवडलं तिथे दोन-दोन मुक्काम. हा लेख त्या दुसऱ्या सहलीवरून लिहिलाय. तुम्ही इकडे नवे असाल, कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, कधी चालवली नसेल आणि भारतातून कुणी जिवाभावाचं येणार असेल, तर या क्रमाने तयारी करा.

१. तारखा

इथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत येते म्हणणाऱ्या मैत्रिणीला आधीच सांगा की तेव्हा इथे थंडी सुरू झालेली असते. नाताळपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळा देश रस्त्यावर असतो, कॅम्पग्राउंड महिनोन् महिने आधी भरतात आणि व्हॅनचं भाडं चढतं. माझ्या मते फेब्रुवारी सगळ्यात चांगला. मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असतात, हवा उबदार असते आणि दिवस अजून मोठेच असतात. फक्त ६ फेब्रुवारीला वाइतांगी डेची, म्हणजे इथल्या राष्ट्रीय दिनाची, सुट्टी असते, त्याला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारकडे लक्ष ठेवा.

मैत्रीण उतरली त्याच दिवशी व्हॅन घेऊ नका. उन्हाळ्यात आपण भारताच्या साडेसात तास पुढे असतो, शिवाय मुंबईहून थेट विमान नाही, कुठेतरी बदलावं लागतं. ती दमून येते. दोन दिवस घरी झोपू दे, वरणभात खाऊ दे, मग निघा.

२. तिची कागदपत्रं, तिची बॅग

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्याला व्हिजिटर व्हिसा लागतो. त्याच अर्जात पर्यटकांवरचा १०० न्यूझीलंड डॉलरचा कर भरावा लागतो. हा कर पूर्वी ३५ डॉलर होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून वाढला. निघण्याच्या २४ तास आधीपासून भरता येणारं प्रवासी घोषणापत्र ऑनलाइन आणि फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी समजा.

बॅगेचा विषय मात्र फोनवर निवांत बोलून घ्या. आपल्याकडचा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. लोणचं, मेतकूट, लाडू, भाकरवडी, आईने दिलेला कढीपत्ता. खाण्याची प्रत्येक वस्तू विमानतळावर जाहीर करायची, हा नियम तिच्या मनावर ठसवा. जाहीर केलं आणि त्यांना नको असलं तर ते काढून घेतात, बस्स. लपवलं किंवा विसरलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. मध, ताजी फळं, ताजी पानं, पेरता येतील अशा बिया आणूच नयेत. पेढे-बर्फीसारखे दुधाचे पदार्थही घरीच ठेवलेले बरे. कारखान्यात पॅक केलेलं, लेबल असलेलं सामान पटकन सुटतं. घरगुती डब्याला वेळ लागतो.

आणि बूट. माझी मैत्रीण राजगडावर घातलेले ट्रेकिंगचे बूट तसेच घेऊन आली होती, तळव्याच्या खाचांत वाळलेली लाल माती. तिने ते जाहीर केले होते म्हणून अधिकाऱ्याने शांतपणे नेऊन धुऊन आणून दिले. दुसऱ्या वेळी तिने घरीच दात घासायच्या जुन्या ब्रशने खाचा साफ केल्या. तेवढं सांगून ठेवा.

३. व्हॅन कुठली

दोघीच असाल तरी चार जणांची व्हॅन घ्या. दोन जणांच्या व्हॅनमध्ये बहुतेक वेळा एकच पलंग असतो आणि तो रोज रात्री मोडून-जोडून तयार करावा लागतो. चार जणांच्या व्हॅनमध्ये दोन वेगळे पलंग मिळतात, त्यातला एक तसाच अंथरलेला ठेवता येतो. पहाटे एकीला जाग आली तर दुसरीची झोप मोडत नाही. हे सुख भाड्यातल्या फरकापेक्षा मोठं आहे.

व्हॅन 'सेल्फ-कंटेन्ड', म्हणजे पाणी, टॉयलेट आणि सांडपाण्याची सोय आतच असलेली, असल्याचं हिरवं प्रमाणपत्र आहे ना, ते बघा. २०२३ च्या कायद्याने नियम कडक झाले. त्या प्रमाणपत्रासाठी आत कायम बसवलेलं टॉयलेट हवं, नुसतं सीटखाली सरकवलेलं सुटं टॉयलेट चालत नाही. नगरपालिकेच्या मोफत जागांवर मुक्काम करायचा तर बहुतेक ठिकाणी हे प्रमाणपत्र लागतंच, नसेल तर दंड शेकडो डॉलरांत जातो. पाटीवर मनाई असेल तिथे प्रमाणपत्र असूनही थांबता येत नाही.

विम्याची अट वाचताना चार गोष्टी शोधा: पुढची काच, टायर, छप्पर आणि गाडीचं पोट. यातलं काय विम्यात नाही ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. कच्च्या रस्त्यावरचं नुकसानही अनेकदा धरत नाहीत. डिझेलच्या गाडीला इथे दर हजार किलोमीटरमागे रस्ता-कर असतो, तो भाड्यात धरलाय की वेगळा, हे विचारा. दोघींची नावं चालक म्हणून लिहून घ्या. तिचं लायसन्स इंग्रजीत असेल तर ते इथे चालतं. काही कंपन्या तरीही इंटरनॅशनल परमिट मागतात, म्हणून बुकिंग करतानाच विचारून ठेवा.

४. रस्ता

आमचा मार्ग असा होता. क्राइस्टचर्चहून लेक टेकापो, साधारण २२५ किलोमीटर. तिथून लेक पुकाकीच्या काठाने आओराकी माउंट कुक. मग ट्वायझल, ओमारामा आणि ९७१ मीटर उंचीची लिंडिस खिंड ओलांडून वानाका. वानाकाहून हास्ट खिंडीतून वेस्ट कोस्ट, फॉक्स ग्लेशियर, फ्रान्झ जोसेफ, होकिटिका. शेवटी आर्थर्स पास ओलांडून परत. पूर्ण गोल, माउंट कुकचा फाटा सोडला तर आलेल्या रस्त्याने परत यावं लागत नाही.

यात क्वीन्सटाउन नाही आणि मिलफर्डही नाही. नकाशावर मिलफर्ड जवळ दिसतं. क्वीन्सटाउनहून एका बाजूचाच रस्ता २९० किलोमीटरच्या आसपास आहे आणि चार तास सहज जातात. ते स्वतंत्र सहलीसाठी ठेवा. 'एवढ्या लांब आलीय तर दाखवूया' हा मोह मला होतो, तुम्हालाही होईल. रोज तीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, हे मात्र निघण्याआधी दोघींनी ठरवा आणि पाळा. मॅप जो वेळ दाखवतो त्यात निदान चौथाई वाढवा. व्हॅन कारपेक्षा हळू चालते आणि दर वळणावर थांबावंसं वाटतं.

टेकापोला दोन रात्री राहा. १९३५ साली बांधलेलं छोटं दगडी चर्च आणि तळ्याचा दुधाळ निळा रंग तुम्ही फोटोत पाहिला असेल. हिमनदीने दळलेल्या खडकाची भुकटी पाण्यात तरंगते, त्यामुळे तो रंग येतो. पण टेकापोची खरी गोष्ट रात्रीची आहे. हा सगळा भाग २०१२ पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेला प्रदेश, आहे. तारीख ठरवताना पौर्णिमा टाळा आणि अंधाराची वाट बघण्याची तयारी ठेवा, डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे अकरा वाजून जातात. मी मैत्रिणीला व्हॅनबाहेर खुर्चीत बसवलं आणि मृग नक्षत्र शोधायला सांगितलं. तिला सापडेना. मग तिच्या लक्षात आलं की मृग इथे डोक्यावर उभा आहे आणि व्याध त्याच्या वरच्या बाजूला! लहानपणी गच्चीवर आजोबांनी दाखवलेलं आकाश उलटं झालेलं बघून ती कितीतरी वेळ मान वाकडी करून बसली होती. पांघरूण बाहेर घेऊन बसा, भर उन्हाळ्यातही तिथे रात्री थंडी वाजते.

माउंट कुकला डिपार्टमेंट ऑफ कन्झर्वेशनचं, म्हणजे इथे सगळे ज्याला डॉक म्हणतात त्यांचं, व्हाइट हॉर्स हिल कॅम्पग्राउंड आहे. ३,७२४ मीटरचं शिखर समोर, पायवाटा व्हॅनच्या दारातून सुरू. एव्हरेस्टच्या पाच वर्षं आधी, १९४८ मध्ये, एडमंड हिलरी या डोंगरावर चढले होते. हर्मिटेज हॉटेलपाशी त्यांचा पुतळा आहे, तो आपल्याकडच्या माणसाला बघायला आवडतो. हूकर व्हॅलीची वाट सोपी आहे, पण कुठला पूल दुरुस्तीसाठी बंद आहे ते डॉकच्या साइटवर आदल्या दिवशी पाहा.

वेस्ट कोस्टला पाऊस येणार हे धरूनच चाला. होकिटिकाला वर्षाला पावणेतीन मीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो उन्हाळ्यातही पडतो. कोकणातून आलेल्या पाहुण्यांना तिथली हिरवाई ओळखीची वाटते. फॉक्सजवळच्या लेक मॅथेसनला मात्र पहाटेच जा. वारा सुटायच्या आत, पाणी स्थिर असताना डोंगर पाण्यात दिसतात. नऊनंतर गेलात तर नुसतं तळं.

हास्टला टाकी भरून घ्या, पुढे फॉक्सपर्यंत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पंपाची आशा धरू नका. या पट्ट्यात मोबाइलचा सिग्नलही लांबच लांब नसतो, नकाशे आधी उतरवून ठेवा. आपत्कालीन नंबर १११.

५. व्हॅन ताब्यात घेताना

तासभर वेळ काढा आणि मैत्रिणीला सोबत न्या. तिथला मुलगा घाईने दहा मिनिटांत सगळं सांगून मोकळा होतो. त्याला थांबवा. पाणी भरायचं तोंड कुठे, सांडपाण्याचा नळ कुठे, गॅसची बाटली कशी उघडते-मिटते, वीजजोडणीची केबल कुठे लागते, टॉयलेटचा डबा कसा निघतो, या पाच गोष्टी त्याच्यासमोर स्वतःच्या हाताने करून बघा. तुम्हीही आणि तीही. पाहुणी म्हणून तिला बाजूला बसवलंत तर दहा दिवस सगळी कामं तुमच्या गळ्यात पडतील आणि तिलाही अवघडल्यासारखं होईल.

बाहेरून सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा. खरचटलेलं, पोचा आलेलं, काचेवरचे टवके जवळून घ्या. छप्पर विसरू नका. गाडीची उंची कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. सुपरमार्केटच्या आच्छादलेल्या पार्किंगमध्ये शिरण्याआधी तो आकडा डोळ्यांसमोर हवा.

वीज कशी चालते तेही समजून घ्या. दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रीज बॅटरीवर चालतात. मायक्रोवेव्ह साधारणपणे कॅम्पग्राउंडच्या वीजजोडणीवरच चालतो. दोन-तीन रात्री बिनविजेच्या जागेत काढल्या की एक रात्र वीज असलेल्या होलिडे पार्कमध्ये घ्या. तिथे गरम पाण्याने मनसोक्त आंघोळ होते, कपडे धुऊन होतात.

६. टॉयलेट

नवखी माणसं सगळ्यात जास्त याला घाबरतात आणि कुणी मोकळेपणाने सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. व्हॅनच्या बाहेरच्या बाजूला एक छोटं दार असतं. त्यात चाकं लावलेला डबा असतो, बहुतेक वीसेक लिटरचा. दोघींना तो दोन-तीन दिवस पुरतो. भरल्याचा लाल दिवा लागायची वाट बघू नका, एक दिवस आड रिकामा करा.

रिकामा करायचा तो फक्त डम्प स्टेशनवर, म्हणजे टॉयलेटचा डबा आणि सांडपाणी ओतायच्या ठरलेल्या जागी. जवळजवळ प्रत्येक गावात असतं, होलिडे पार्कमध्येही असतं. हातमोजे घाला. आतली झडप बंद आहे ना, ते बघूनच डबा ओढा. डम्प स्टेशनच्या खड्ड्यावर नळीचं तोंड वळवा, झाकण काढा आणि ओतताना वरचं हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरा. ते दाबलं नाही तर गचके बसत ओततं आणि उडतं. मग थोडं पाणी घालून हलवा, पुन्हा ओता, असं दोनदा. शेवटी थोडं पाणी आणि औषधाची पुडी टाकून डबा जागेवर. पाच मिनिटांचं काम. पिण्याच्या पाण्याचा नळ तिथेच शेजारी असेल तर या मोज्यांनी त्याला हात लावू नका.

भांडी-आंघोळीचं सांडपाणीही तिथेच सोडायचं. रस्त्याच्या कडेला नळ उघडणं हा गुन्हा आहे, आणि ज्या नद्यांचं पाणी आपण ओंजळीने पितो म्हणून कौतुकाने सांगतो त्या याच.

आम्ही पाळी लावली होती. एकदा ती, एकदा मी.

७. निघण्याआधीची फेरी

रोज सकाळी किल्ली फिरवण्याआधी एकीने मोठ्याने विचारायचं आणि दुसरीने हात लावून उत्तर द्यायचं: गॅस बंद? छताची खिडकी बंद? वीजकेबल काढली? पायरी आत? कपाटांना खिट्टी? फ्रीजला कडी? टेबलावर काही नाही?

पहिल्या सहलीत मी फ्रीजची कडी लावली नव्हती. वानाकाजवळच्या पहिल्याच वळणावर दार उघडलं आणि दोन लिटर दूध, दह्याचा डबा, चिरून ठेवलेला कांदा सगळं जमिनीवर. त्या व्हॅनचा गालिचा तीन दिवस आंबूस वास मारत होता. तेव्हापासून ही यादी दाराच्या आत चिकटवते.

८. गाडी चालवताना

भारतातून आलेल्यांना एक मोठा फायदा आहे, इथेही डावीकडूनच चालवतात. पण तेवढ्यावर लगेच चावी देऊ नका. पहिले दोन दिवस तुम्ही चालवा, ती शेजारी बसून बघेल. टेकापो ते पुकाकी हा सरळ, मोकळा रस्ता तिला सुरुवातीला द्या.

तिला तीन गोष्टी आवर्जून सांगा. राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, त्यात घुसायचं नाही. एकपदरी पुलावर पाटी बघायची: लाल वर्तुळ आणि तुमच्या बाजूचा बाण छोटा लाल असेल तर थांबा, निळ्या पाटीवर तुमच्या बाजूचा बाण मोठा पांढरा असेल तर आधी तुम्ही. वेस्ट कोस्टला असे पूल पुष्कळ आहेत. आणि समोरच्याने दिव्यांची उघडझाप केली तर आपल्याकडे त्याचा अर्थ 'मी येतोय, थांब' असा असतो. इथे तो बहुतेक वेळा 'तू जा' म्हणत असतो.

मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा साधारण १०० आहे, गावात ५०. व्हॅनने शंभर गाठायची गरज नाही. मागे दोन-तीन गाड्या साचल्या की पहिल्या मोकळ्या जागी डावीकडे घ्या आणि त्यांना जाऊ द्या. लोक हात करून आभार मानतात.

९. स्वयंपाक

दोन शेगड्या, इवलंसं सिंक. तीन लिटरचा छोटा कुकर घरून न्या. मसाल्याचा डबा न्या, पण झाकण घट्ट लागणारा. खिचडी, पिठलं, पोहे, उपमा, अंड्याची आमटी यावर दहा दिवस मजेत जातात. पीठ मळून पोळ्या करायच्या भानगडीत पडू नका, रॅप चालतात. डाळ-तांदूळ, हिंग, कढीपत्ता, गूळ क्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानातूनच भरून घ्या. पुढे वानाकाला मोठं सुपरमार्केट आहे, बाकी बहुतेक गावांत छोटी दुकानं आणि किमती चढ्या.

फोडणी देताना छताची खिडकी आणि दार दोन्ही उघडा. पलंग शेजारीच असतो, मोहरी-लसणाचा वास पांघरुणाला लागला की जात नाही. बाहेर शेकोटी पेटवायची कल्पना मनातून काढून टाका, उन्हाळ्यात या कोरड्या भागात बहुतेक वेळा आगीवर पूर्ण बंदी असते. वानाकाच्या आसपास रस्त्याकडेला चेरी आणि जर्दाळू विकायला असतात. डिसेंबर-जानेवारीत असाल तर किलोभर घ्या.

१०. वारा, ऊन, माश्या, किआ

वाऱ्याने व्हॅनची दारं मोडतात. माउंट कुकला मी दार उघडलं आणि ते हातातून सुटून उलटं वाकलं. बिजागरी गेली. दुरुस्तीचे पैसे विम्याच्या मर्यादेत बसले नाहीत. गाडी उभी करतानाच तोंड वाऱ्याकडे करा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा.

सावळ्या कातडीला ऊन लागत नाही हा समज इथे सोडून द्या. हवा गार असते म्हणून कळत नाही, संध्याकाळी नाक सोलतं. ढगाळ दिवशीही सनस्क्रीन लावा.

वेस्ट कोस्टवर सँडफ्लाय नावाच्या बारीक काळ्या माश्या घोट्यांना चावतात आणि आठवडाभर खाज राहते. पूर्ण पायमोजे घाला, औषध लावा, आत-बाहेर करताना दार पटकन लावा.

आर्थर्स पासला किआ भेटेल. डोंगरात राहणारा मोठा हिरवा पोपट, पंखांखाली केशरी. तो गाडीच्या काचेभोवतीचं रबर सोलून काढतो आणि आपण कौतुकाने बघत बसतो. त्याला काहीही खायला देऊ नका. माणसांच्या जवळ येऊन येऊन हे पक्षी गाड्यांखाली मरतात आणि आता ते फार उरलेले नाहीत.

११. पैसे

हे बोलायला आपल्याला संकोच वाटतो, विशेषतः ती पाहुणी असताना. तिकिटाचा खर्च तिने केलाय म्हणून व्हॅनचं भाडं मी दिलं. डिझेल, कॅम्पग्राउंड आणि किराणा निम्मा-निम्मा. एका पाकिटात दोघींनी सारखे पैसे टाकले आणि त्यातूनच खर्च केला, संपले की पुन्हा टाकले. रुपयांत हिशेब केला की तिला प्रत्येक कॉफी महाग वाटणार, म्हणून सकाळची कॉफी माझ्याकडून, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तुमची वाटणी वेगळी असेल, पण निघण्याआधी बोला.

१२. शेवटची रात्र

शेवटचा मुक्काम क्राइस्टचर्चपासून तास-दीड तासाच्या आतच ठेवा. व्हॅन परत द्यायची वेळ ठरलेली असते, उशीर झाला तर दंड लागतो. सकाळी टॉयलेटचा डबा आणि सांडपाणी रिकामं करा, फरशी झाडा, भांडी मोजून जागेवर लावा, टाकी भरा आणि पावती जपून ठेवा. गाद्यांच्या फटी, गाडीचे खिसे, पलंगाखालचे खण हाताने चाचपा. आम्हाला तिच्या आईने दिलेली चांदीची छोटी डबी गादीखाली सापडली, कुंकवाची. डिपॉझिट परत मिळण्याचा कागद हातात आल्याशिवाय तिथून निघू नका. आणि तिचं परतीचं विमान त्याच दिवशी ठेवू नका. एक रात्र घरी राहू दे, ओले टॉवेल वाळतील आणि बॅगेचं वजन शांतपणे करता येईल.